मोटारीचा षोक आणि औताचा बैल

बलवान जनावराची आवड शेतकऱ्याच्या रक्तातच असते. बाजारात एखादा उंचापुरा खिलारी खोंड आला, म्हणजे ज्याला तो घ्यावयाचा नाही असा मनुष्यही घटकाभर त्याच्यापाशी थांबतो, वशिंडावर हात ठेवतो, खूर पाहतो, किंमत विचारतो आणि मग पुढे जातो. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. आता पुष्कळ ठिकाणी गोठ्याची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे. तेव्हा ही आवडही जनावरावरून यंत्रावर गेली, हे ओघानेच आले. गावोगावचे तरुण मोठ्या इंजिनाच्या, चमत्कारिक घडणीच्या, कोठे काही कापून तर कोठे काही जोडून निराळ्या केलेल्या गाड्यांपाशी तासन् तास रमतात. वडील मंडळी कपाळाला आठ्या घालतात. हा षोक घर बुडवील की घराला वर आणील, हा प्रश्न आज अनेक घरांत उभा आहे आणि त्याच्या पोटी बापलेकांत अबोलाही होत आहे.

ह्या प्रश्नाचा विचार नुसत्या उपदेशाने करण्यापेक्षा एका खऱ्या चरित्राच्या आधाराने करावा, असे आम्हांस वाटते. जगातील अत्यंत बलाढ्य व अत्यंत महाग मोटारींत ज्यांची गणना होते, त्या लॅम्बोर्गिनी मोटारींचा जनक हा जन्माने शेतकरी होता, आणि मोटारींच्या पूर्वी त्याने ट्रॅक्टर बांधले, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांनी ऐकली असेल. तिचा पूर्ण वृत्तांत मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीने क्वचितच सांगितला जातो.

बालपण व उमेदवारी

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांचा जन्म २८ एप्रिल १९१६ रोजी उत्तर इटलीत, चेंतो गावाजवळच्या रेनात्सो येथे झाला. हा मुलूख पो नदीच्या सपाट, गाळवट खोऱ्याचा. घरचा धंदा द्राक्षमळ्याचा व शेतीचा. परंतु मुलाचे मन पिकापेक्षा अवजारांकडे अधिक ओढ घेई. घरच्यांनी अखेर त्याचा कल ओळखला आणि त्याला बोलोन्याजवळच्या एका तंत्रशाळेत यंत्रविद्या शिकावयास धाडले. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर तो इटलीच्या विमानदलात दाखल झाला व ऱ्होड्स बेटावर लष्करी वाहनांच्या दुरुस्तीच्या कामावर नेमला गेला. बेटावर सुटे भाग सहजी पोहोचत नसत. एका गाडीचा दांडा दुसरीला, दुसरीचे चाक तिसरीला, अशी जुळवाजुळव करून गाड्या चालू ठेवाव्या लागत. १९४५ साली तो इंग्रजांच्या कैदेत सापडला आणि पुढील वर्षी सुटून घरी आला.

ऱ्होड्सवरील ही उमेदवारी लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाडीत फेरफार करण्याची कला तेथे मौजेखातर शिकली गेली नाही; ती अडचणीने शिकवली.

भंगारातून नांगर

युद्धानंतर इटलीची शेती नागवली गेली होती. जनावरे कमी झाली होती, नवीन ट्रॅक्टर घेण्याची ऐपत थोड्यांची होती, आणि पेट्रोल महाग होते. उलटपक्षी फौजांनी मागे टाकलेल्या गाड्या, इंजिने व गिअरपेट्या यांचे ढीग जागोजागी पडले होते. ज्यांना ते ढीग केवळ भंगार दिसले, त्यांनी ते वजनावर विकले. लॅम्बोर्गिनी यांना त्यांत ट्रॅक्टर दिसला.

मॉरिस कंपनीच्या लष्करी गाडीचे पेट्रोल इंजिन आणि इतर गाड्यांचे चालक भाग जुळवून त्यांनी एक ट्रॅक्टर उभा केला. त्यातील मुख्य युक्ती इंधनाची होती. इंजिन थंड असताना पेट्रोलवर सुरू करावयाचे, आणि ते तापल्यावर एका छोट्या उपकरणाने स्वस्त जड तेलाची वाफ करून त्यावरच पुढे चालवावयाचे. उन्हातान्हात दिवसभर नांगरट करणाऱ्याच्या खिशाला ह्याचा अर्थ काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ३ फेब्रुवारी १९४८ रोजी, चेंतो गावच्या संताच्या उत्सवाच्या दिवशी, ‘कारिओका’ नावाचा हा ट्रॅक्टर भर चौकात मांडण्यात आला. गिऱ्हाईक लागले. पुढे मॉरिसची हजार इंजिने एकदम उचलण्याचा प्रसंग आला, तेव्हा बापाने घरचे शेत तारण ठेवून मुलाला पैसा उभा करून दिला, असे सांगतात.

शेत तारण ठेवणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु बापाने ते कशावर ठेवले, हे पाहिले पाहिजे. चौकात सर्वांदेखत चाललेल्या, शेजारच्या शेतकऱ्यांनी मागितलेल्या आणि इंधनात बचत करून आपली किंमत आपणच फेडणाऱ्या यंत्रावर त्याने जमीन पणाला लावली.

तेच वर्ष, तेच हात

त्याच १९४८ साली लॅम्बोर्गिनी यांनी आपला दुसरा नादही पुरा करून घेतला. फिआट कंपनीची ‘तोपोलिनो’ म्हणजे ‘उंदरी’ या अर्थाच्या लाडक्या नावाची एक अगदी लहान मोटार होती. तिची टपाची पेटी काढून टाकून त्यांनी ती उघडी, दोन माणसांची केली. इंजिनाची धाव वाढवून ते ७५० घनसेंटिमीटरपर्यंत नेले. आणि ‘मिल्ले मिल्या’ ह्या हजार मैलांच्या सुप्रसिद्ध शर्यतीत ती उतरवली. सुमारे सातशे मैल गाडी धावली. त्यानंतर तुरिन शहराजवळ फियानो गावी ती रस्त्याकडेच्या एका खाणावळीच्या भिंतीत जाऊन घुसली. शर्यतीचा नाद पुढे कित्येक वर्षे त्यांनी सोडून दिला.

एकाच वर्षात, एकाच मनुष्याने, त्याच कौशल्याने दोन यंत्रे बदलली. एकाने कारखाना उभा केला, दुसऱ्याने खाणावळीची भिंत पाडली. दोन्ही ठिकाणी कारागिरीत उणे नव्हते. उणे असेल तर ते यंत्राला जोडलेल्या कामात होते. एका यंत्रामागे शेतकऱ्याची गरज उभी होती; दुसऱ्यामागे फक्त हौस.

षोकाचे दिवस

ट्रॅक्टरचा धंदा वाढला. मागाहून तेलाच्या बंबांचा व हवा थंड-उष्ण करण्याच्या यंत्रांचा कारखानाही निघाला. हाती संपत्ती आली, तेव्हा लॅम्बोर्गिनी यांनी एकामागून एक उंची मोटारी घेतल्या. त्यांत फेरारी होत्या. फेरारीचा क्लच वारंवार झिजे. तो आपल्या कारखान्यात उघडून पाहता आपल्या ट्रॅक्टरला बसविलेल्या क्लचासारखाच तो निघाला. आणि त्यासंबंधी मालकाशी बोलण्यास गेलो असता, ट्रॅक्टरवाल्याने मोटारींत लक्ष घालू नये असे उत्तर मिळाले, ही हकीकत ते स्वतः सांगत असत. ती किती खरी व किती मागाहून रंगवलेली, ह्याची चर्चा मोटारींचे षोकीन आजही करतात. इतके मात्र निश्चित, की १९६३ साली सांताआगाता बोलोन्येसे ह्या खेड्याशेजारी त्यांनी मोटारींचा नवा कारखाना घातला.

ह्या कारखान्याच्या पहिल्या इंजिनाचा इतिहास फार बोधप्रद आहे. जोत्तो बिझ्झारिनी ह्या निष्णात यंत्रज्ञाने बारा नळकांड्यांचे साडेतीन लिटरचे इंजिन रचले. पहिल्या स्वरूपात ते शर्यतीच्या घोड्यासारखे तापट होते. अतिवेगाने फिरून साडेतीनशेहून अधिक अश्वशक्ती देई. सामान्य षोकिनाने आनंदाने उडीच मारली असती. लॅम्बोर्गिनी यांनी मात्र ते तसे स्वीकारले नाही. इंजिन सौम्य करावे, रस्त्यावर हजारो मैल बिनतक्रार चालावे, असा त्यांचा आग्रह. जानपाओलो दाल्लारा ह्या तरुण अभियंत्याने ते काम केले, आणि १९६४ साली विक्रीस आलेल्या ‘३५० जीटी’ मोटारीत ते सुमारे २८० अश्वशक्तीचे होऊन बसले. शक्ती मुद्दाम कमी करून टिकाऊपणा विकत घेण्याचा हा निर्णय, दिवसभर ट्रॅक्टर चालवणाऱ्या गिऱ्हाइकांत वाढलेल्या मनुष्याचा होता.

पुढे दाल्लारा, पाओलो स्तान्झानी व न्यूझीलंडचा बॉब वॉलेस ह्या तरुणांनी इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसवून एक अपूर्व मोटार रचली. १९६५ साली तुरिनच्या प्रदर्शनात तिचा नुसता सांगाडा मांडला, आणि १९६६ साली जिनीव्हा येथे ती पूर्णरूपाने आली. तिचे नाव ‘मिउरा’. स्पेनमध्ये झुंजीचे बैल पैदा करणाऱ्या एका विख्यात घराण्याचे हे नाव आहे. कारखान्याचे चिन्हही बैलच, कारण लॅम्बोर्गिनी यांची जन्मरास वृषभ. चार लिटरच्या आसपासचे इंजिन आणि ३५० अश्वशक्ती असलेल्या ह्या मोटारी सहा-सात वर्षांत सुमारे साडेसातशेच बांधल्या गेल्या. पण जगाच्या मोटारशोकिनांनी ते नाव आजतागायत विसरलेले नाही.

अश्वशक्ती म्हणजे काय

येथे थोडा हिशोब मांडणे अवश्य आहे. कारण षोकाच्या भरात पहिला बळी हिशोबाचाच जातो. एका सेकंदात ७५ किलो वजन एक मीटर उंच उचलण्याचे जे काम, ती युरोपीय मापाची एक अश्वशक्ती. चांगली बैलजोडी सतत औत ओढताना साधारण एवढीच, किंवा किंचित कमी, शक्ती देते. शक्ती म्हणजे ओढ आणि वेग यांचा गुणाकार. म्हणून ३० अश्वशक्तीचे इंजिन ताशी साडेचार किलोमीटर चालीने, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर चालले, तर कागदावर १,८०० किलोची ओढ मिळते. तेच ताशी ४५ किलोमीटर धावले तर ओढ १८० किलो. यंत्र तेच, एकाला आपण नांगर म्हणतो, दुसऱ्याला मोटार. गिअरपेटी हा त्या दोहोंमधला दुभाष्या.

हा झाला कागदाचा हिशोब. जमिनीचा हिशोब याहून कडक आहे. चाकाला मातीत जेवढी पकड मिळेल, तेवढीच ओढ पदरात पडते. आणि पकड ही मागल्या चाकांवरील भारावर, टायरावर व जमिनीच्या वाफशावर अवलंबून. इंजिनाची शक्ती दुप्पट केली आणि भार व पकड तशीच ठेवली, तर नांगर दुप्पट चालत नाही. चाक जागच्या जागी फिरते, टायर झिजतो आणि तेल जळते. डिझेल पंपाचा स्क्रू पिळून ट्रॅक्टर ‘तगडा’ करून देणारे मिस्त्री गावोगाव आहेत. धुराड्यातून जो काळा धूर निघतो, तो न जळलेल्या तेलाचा, म्हणजे मालकाच्या पैशाचा असतो. वाढलेली उष्णता पिस्टनला सोसावी लागते, आणि वाढलेला जोर ज्या क्लचासाठी व दातेरी चाकांसाठी मूळ कारखान्याने योजलेला नसतो, ती ऐन पेरणीत दगा देतात.

शर्यतीचा बैल आणि औताचा बैल हे दोन्ही बैलच. परंतु शर्यतीच्या बैलाला कोणी शहाणा मनुष्य औताला जुंपत नाही, आणि औताच्या बैलाला खुराक चारून धावपट्टीवर नेत नाही. जनावराच्या बाबतीत जे आपण उपजत ओळखतो, ते यंत्राच्या बाबतीत विसरतो, हेच आश्चर्य.

नांगर थांबला, मोटारही गेली

आता चरित्राचा उत्तरार्ध. लॅम्बोर्गिनी यांच्या मोटारींना कीर्ती पुष्कळ मिळाली, तरी घराचा खांब ट्रॅक्टरच होता, आणि त्यांपैकी सुमारे निम्मे परदेशी जात. १९७१ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतील आयातदाराने मागण्या रद्द केल्या. बोलिव्हियात सत्तापालट झाला, आणि तेथील नव्या लष्करी सरकारने ट्रॅक्टरांची एक मोठी मागणी, माल अंशतः तयार असताना, मोडीत काढली. खांब खचला तेव्हा वरचा मजला टिकेना. १९७२ साली मोटार कारखान्याचे ५१ टक्के भाग विकले गेले. ट्रॅक्टरचा धंदा साम ह्या इटालियन कंपनीकडे गेला. आणि १९७४ साली मोटारींतील उरलेली मालकीही त्यांनी सोडली. त्या दरम्यान १९७३ चे तेलसंकट आले होते. जी मोटार थेंबाथेंबाला तेल पिई, तिला गिऱ्हाईक मिळणे दुष्कर झाले, आणि १९७८ साली तो कारखाना दिवाळखोरीत निघाला. पुढे अनेक हात बदलून १९९८ पासून तो जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहात, आउडी कंपनीच्या छत्राखाली आहे.

स्वतः लॅम्बोर्गिनी कोठे गेले? ते शेतीत परत गेले. मध्य इटलीत, त्रासिमेनो सरोवराजवळ पानिकाले येथे जमीन घेऊन त्यांनी द्राक्षमळा लावला. तेथील एका मद्याला त्यांनी ‘मिउराचे रक्त’ अशा अर्थाचे नाव दिले. २० फेब्रुवारी १९९३ रोजी त्यांचा अंत झाला. वेलींतून निघालेला मुलगा वेलींत परतला. मध्यंतरी त्याने जगाला ट्रॅक्टरही दिले आणि मोटारीही.

हा षोक फोल होता, असा निवाडा आम्ही देणार नाही. ज्या वेडाने मिउरा झाली, तेच वेड भंगारातून कारिओका काढण्यास कारण झाले होते. यंत्राचे वेड नसलेल्या मनुष्याला लष्करी ढिगाऱ्यात नांगर दिसलाच नसता. परंतु वेडाला दररोजची भाकर कोण घालतो, हे विसरता कामा नये. ट्रॅक्टर चालला तोवर मोटार दिमाखाने उभी राहिली; ट्रॅक्टर थांबला आणि मोटार परक्याच्या दारात गेली.

उलट दिशेचे उदाहरण

लॅम्बोर्गिनी हे शेतातून मोटारीकडे गेले. मोटारीकडून शेतात आलेल्या एका षोकिनाचा अनुभवही पाहण्याजोगा आहे. इंग्लंडचे जेरेमी क्लार्कसन हे दूरचित्रवाणीवर बलाढ्य मोटारींची परीक्षा करण्याबद्दल प्रसिद्ध. ऑक्सफर्डशायरमधील आपली सुमारे हजार एकर जमीन त्यांनी स्वतः कसावयास घेतली, आणि पहिल्या झटक्यास घेतला तो सुमारे २७० अश्वशक्तीचा लॅम्बोर्गिनी ट्रॅक्टर. तो इतका मोठा निघाला की त्यांच्या शेडमध्ये मावेना. २०२१ साली प्रसृत झालेल्या त्यांच्या मालिकेत ही सर्व फजिती त्यांनी मोकळेपणाने दाखवली. वर्षअखेरीस शेतीचा नफा पाहता तो अवघा १४४ पौंड भरला. ट्रॅक्टरमुळेच असे झाले, असे आम्ही म्हणत नाही. त्या वर्षी अतिपाऊस झाला आणि मागाहून कोरडही पडली. पण अश्वशक्ती वाढवल्याने ना पाऊस आवरतो ना कोरड, इतके त्यातून खचित दिसते. त्या गृहस्थांस मालिकेचे उत्पन्न होते. आमच्या वाचकांस ते नाही.

आपल्या घरापुरते

महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर होते. एवढ्या जमिनीवर केवळ रुबाबाखातर मोठा ट्रॅक्टर घेणे म्हणजे दोन एकरांस चार बैलजोड्या बांधणे होय. विकत घेण्यापूर्वी पुढील हिशोब पाटीवर मांडावा. समजा हप्ता, व्याज व विमा मिळून वर्षाला १,८०,००० रुपये जातात. ट्रॅक्टर वर्षात ३०० तास चालला, तर तेल व चालक सोडून तासाला ६०० रुपये पडले. १,००० तास चालला, तर १८० रुपये. तेव्हा पहिला प्रश्न ‘किती अश्वशक्ती?’ हा नसून ‘किती तास काम?’ हा आहे. घरचे काम पुरत नसेल तर शेजारच्या चार खातेदारांनी मिळून किंवा संस्थेमार्फत यंत्र घ्यावे, अथवा भाड्याने आणावे. सातबारा तारण ठेवण्यापूर्वी रेनात्सोच्या त्या बापाप्रमाणे, यंत्र आपली किंमत आपण फेडील काय, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रकातील तपशील कारखान्याच्या मूळ मापांपासून ढळेल असा बदल नोंदलेल्या वाहनात करता येत नाही. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. जे मोजके बदल कायदा मान्य करतो, त्यांस प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी व नोंद लागते. परवानगीशिवाय बदललेल्या वाहनाला अपघात झाला, तर विमा कंपनी हरकत घेते आणि नुकसानीचा बोजा मालकाच्या जमिनीवर येतो. ट्रॅक्टरांच्या ओढाओढीचे व पुढली चाके उचलण्याचे खेळ पाहावयास मौजेचे वाटतात. पंजाबात २०२३ साली अशाच खेळात एका तरुणाचा जीव गेला आणि तेथील सरकारला त्यांवर बंदी घालावी लागली.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, घरच्या मुलाची. ज्याचे हात तेलाने काळे झालेले असतात, त्याला नुसते रागे भरून भागावयाचे नाही. त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत घालावे, आणि त्याच्यापुढे काम ठेवावे. काळ्या जमिनीत पावसाळ्यात न रुतणारे हलके पेरणीयंत्र, उसाच्या सरीत चालणारे अरुंद कुळवाचे जोडअवजार, फळबागेत फांदीखालून जाणारा फवारा, अशी किती तरी कामे कुशल हातांची वाट पाहत आहेत. अवजारात बदल करण्यास कलम ५२ आड येत नाही; आड येते ती फक्त आपली उदासीनता. मुलाने घडवलेले अवजार एका हंगामात चालले, की त्याला शेजारी विचारू लागतील, आणि षोकाला धंद्याचे रूप येईल.

बलवान यंत्राकडे कौतुकाने पाहावे. पाहण्यास पैसे पडत नाहीत. परंतु दावणीला बांधावयाचा तो बैल औताचा असावा. तो नीट चालला, आणि घरात चार पैसे उरले, तर शर्यतीचा खोंडही कोणी हौसेने पाळावा. त्यास आमची हरकत नाही.